डंडीचा हेंडरसन आणि मित्र तारा

'मित्र' तारा ब्रिटनमधून कधीच दिसत नाही. तरी त्याचं अंतर पहिल्यांदा काढलं ते डंडीच्या थॉमस हेंडरसननं. १८३२-३३ मध्ये केप ऑफ गुड होपला त्यानं नोंदी घेतल्या. पण उत्तर इतकं मोठं आलं, की त्याचाच विश्वास बसेना. तो खात्री करत राहिला. तोवर १८३८ मध्ये प्रशियातल्या बेसेलनं दुसऱ्या एका ताऱ्याचं अंतर जाहीर केलं, आणि पहिलेपणाचा मान गेला. हेंडरसनचा निबंध आला १८३९ मध्ये.

मित्र म्हणजे खरं तर सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरणारी जोडी. तिसरा सोबती, प्रॉक्सिमा, १९१५ मध्ये सापडला; शोधणारे रॉबर्ट इनेस एडिंबरामध्ये जन्मलेले. त्याच्याभोवतीचा ग्रह २०१६ मध्ये कळला.

मे महिन्यात कोकणात गेलात, तर रात्री अकराला दक्षिण क्षितिजाकडे बघा. हेंडरसनची आठवण काढा.