वारापासून मीटरपर्यंत

कापडाच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या माणसाला मीटरपट्टी हाताच्या बोटांइतकीच परिचयाची असते. परंतु या साध्या लोखंडी पट्टीमागे केवढा इतिहास उभा आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मनुष्याचे पहिले माप त्याच्या देहातच होते. अंगुळे, वीत आणि हात यांवर व्यवहार चालत. पण प्रत्येकाचा हात निराळा, म्हणून राजसत्तेला माप ठरवून देणे भाग पडले. अकबर बादशहाने ४१ अंगुळांचा ‘इलाही गज’ निश्चित केला. तरीही देशात एकवाक्यता आली नाही. ब्रिटिश काळातील नोंदींनुसार मुंबईचा गज २७ इंचांचा, मद्रासचा ३३ इंचांचा, तर बंगालचा ३६ इंचांचा होता. नाव एकच, कापड मात्र प्रांतोप्रांती कमी-अधिक! पुढे १८८९ च्या कायद्याने ३६ इंची इंग्रजी यार्ड, म्हणजेच आपला ‘वार’, हे प्रमाण माप ठरले.

तत्पूर्वी, राज्यक्रांतीच्या काळात, फ्रान्सने वेगळा विचार केला होता. माप कोणा राजाच्या हातावरून न घेता पृथ्वीवरूनच घ्यावे, असे तेथील शास्त्रज्ञांनी ठरविले. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी डंकर्क ते बार्सिलोना अशी प्रत्यक्ष मोजणी झाली आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमची प्रमाण पट्टी सिद्ध झाली.

स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये कायदा करून ही दशमान पद्धती स्वीकारली. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले. वार ९१.४४ सेंटिमीटरचा, म्हणजे मीटरहून साडेआठ सेंटिमीटरने लहान. त्यामुळे वाराला दोन रुपये भावाचे कापड मीटरला दोन रुपये एकोणीस पैसे झाले. भाव वाढला नसून माप वाढले आहे, हे गिऱ्हाइकांना पटवून देताना दुकानदारांची तारांबळ उडे, असे माझे वडील सांगत.

त्या दिवसांतील एक प्रसंग ते नेहमी सांगत. दुकानातील एका मुनिमाने दहा मीटरचे पैसे घेतले, पण सवयीने जुन्या गजानेच कापड मोजले. गिऱ्हाईक निघून गेले. रात्री शिल्लक मोजताना चूक उघडकीस आली. कमी गेलेले कापड पाऊण मीटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ एका चोळीचे होते. वडिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच तितके कापड त्या घरी पोहोचविले आणि जुना गज माळ्यावर टाकला. आपल्या धर्मात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये खोट्या मापाने देणे-घेणे हाही एक अतिचार सांगितला आहे. वडिलांनी त्याचे प्रवचन कधी केले नाही.

वार व्यवहारातून गेला, तरी भाषेत राहिला. सव्वाआठ मीटरच्या लुगड्याला आपण आजही नऊवारीच म्हणतो. साडेपाच मीटरची साडी म्हणजे मूळची सहावारीच.

१९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून केली जाते. आता मापात तिळमात्र फरक उरलेला नाही. मात्र त्याच अचूक पट्टीवर कापड ताणून धरले, तर गिऱ्हाइकाच्या पदरात आजही कमीच पडते. पट्टी शास्त्रज्ञांनी दिली. कापड सैल सोडून मोजणे हे मात्र दुकानदाराच्याच हाती राहिले आहे.