शिक्का कोणी फोडला? कॉमिक्समधल्या कोंडलेल्या राक्षसांची गोष्ट

आजचा विषय वरवर पाहता पोरखेळ वाटेल. अमेरिकी कॉमिक्स थोडीफार चाळलेल्या कोणालाही हा साचा तोंडपाठ असतो. फार फार पूर्वी कोणीतरी एका दुष्ट शक्तीला जेरबंद केलं. कधी थडग्यात, कधी पेटीत, कधी दगडी पुतळ्यात, तर कधी थेट दुसऱ्या मितीत. हजारो वर्षं गेली, पहारेकरी मेले, इशारे पुसट झाले. मग आपल्या काळातला एखादा उतावळा माणूस येतो, झाकण उघडतो, आणि पुढची वीस-बावीस पानं नायक धावपळ करत राहतो.

साचा तोच, पण दर वेळी तीन प्रश्न विचारले तर उत्तरं बदलतात. कोंडलं कोणी? सोडलं कोणी? आणि किंमत कोणी मोजली? ही उत्तरं दशकागणिक कशी बदलली, ते आज आपण पाहू. मध्येच एक वळण येईल, कारण अमेरिकेत ही गोष्ट एकदा कॉमिक्सच्या पानांबाहेरही घडली.

आधी मुळांकडे जाऊ. कॉमिक्सनी हा साचा शोधलेला नाही. ग्रीकांच्या कथेत झ्यूसने टायटनांना टार्टारसमध्ये डांबलं. नॉर्स कथेत फेनरिर नावाच्या लांडग्याला जादूच्या दोरीने बांधलं, पण तो शेवटच्या युद्धात सुटणार हे देवांना आधीच ठाऊक आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सैतानाला हजार वर्षं साखळदंडात ठेवलं जातं आणि मग थोड्या काळासाठी सोडलं जातं.

मराठी वाचकांच्या सर्वांत ओळखीची कथा मात्र कोळ्याची आणि बाटलीतल्या जिनची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात अरबी सुरस कथा मराठीत आणल्या, तेव्हापासून ती आपल्याकडे घरोघरी पोचलेली आहे. त्या बाटलीवर सुलेमानचा शिक्का आहे. त्या कथेतला एक बारकावा आपण सहसा विसरतो. कैदेच्या सुरुवातीच्या शतकांत जिन ठरवतो की, मला सोडवेल त्याला श्रीमंत करीन. शतकांमागून शतकं जातात, कोणी येत नाही. शेवटी तो चिडून शपथ घेतो की, आता जो सोडवेल त्याला ठार मारीन. म्हणजे हा कैदी बाटलीत गेला तेव्हा होता त्यापेक्षा भयंकर होऊन बाहेर आला, आणि ते कैदेमुळे झालं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विसाव्या शतकात या जुन्या साच्याला दोन नवे धक्के मिळाले. १९२२ साली तुतानखामेनचं थडगं सापडलं, १९२३ मध्ये उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नारव्हन कैरोत वारले, आणि वर्तमानपत्रांनी शापाची आवई उठवली. १९२८ साली एच. पी. लव्हक्राफ्टची ‘द कॉल ऑफ क्थुलू’ ही कथा आली. तिच्यात समुद्राच्या तळाशी बुडालेल्या शहरात एक प्राचीन शक्ती झोपलेली आहे. तिला माणसाशी वैर नाही, माणूस तिच्या खिजगणतीतच नाही. स्वस्त मासिकांतून हा माल कॉमिक्सच्या बाजारात आला.

आता १९४०. फॉसेट प्रकाशनाच्या ‘व्हिज कॉमिक्स’मध्ये बिली बॅटसन नावाचा अनाथ, वर्तमानपत्रं विकणारा मुलगा भुयारी रेल्वेच्या बोगद्यातून एका म्हाताऱ्या जादूगारापर्यंत पोचतो. वाटेत भिंतीला सात पुतळे आहेत, माणसाचे सात शत्रू: गर्व, मत्सर, लोभ, द्वेष, स्वार्थ, आळस आणि अन्याय. ख्रिस्ती परंपरेतल्या सात पापांची ही यादी नाही, हे इथे बघण्यासारखं आहे. तिच्यात वासना नाही, खादाडपणा नाही. त्याऐवजी ‘अन्याय’ आहे. मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या देशाची, रस्त्यावर झोपणाऱ्या मुलाच्या उंचीवरून पाहिलेली ही यादी. त्या वेळी ते नुसते पुतळे होते. नंतरच्या लेखकांनी त्यांच्यात खरे राक्षस कोंडले आणि सोडलेही.

याच जादूगाराची दुसरी गोष्ट १९४५च्या अखेरीस आली. त्याने पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एकाला आपली शक्ती दिली होती. तो सत्तेने माजला, फारोला मारून गादीवर बसला. जादूगाराने त्याला ब्लॅक ॲडम असं नाव देऊन सर्वांत दूरच्या ताऱ्यावर हाकललं, आणि तो पाच हजार वर्षं उडत उडत परत आला. त्याला ताकदीने कोणी हरवू शकत नाही. शेवटी एक साधा म्हातारा त्याला बोलण्यात गुंगवून जादूचा शब्द उच्चारायला लावतो, आणि पाच हजार वर्षांचं वय एका क्षणात त्याच्या अंगावर येतं. मराठीत ज्याला आपण बाटलीत उतरवणं म्हणतो, ते हे! पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे अवघड झालंय. कोंडणारा आणि सत्ता देणारा एकच आहे. चूक वरिष्ठांची, ती निस्तरायची पुढच्या पिढीतल्या मुलाने.

आता ते वळण. पन्नाशीच्या सुरुवातीला अमेरिकेत भयकथांची कॉमिक्स जोरात खपत होती. ईसी कॉमिक्सची ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारखी मासिकं त्यांत आघाडीवर. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात, असा त्यांचा दावा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. ईसीचे मालक विल्यम गेन्स साक्षीला गेले आणि छिन्न मुंडक्याचं मुखपृष्ठ सुरुचीत कसं बसतं, या प्रश्नावर अडकले.

वर्थॅमना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नव्हे. या माणसाने हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी मानसोपचाराचं केंद्र चालवलं होतं, आणि शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्यांचं काम उपयोगी पडलं होतं. त्यांची तळमळ खरी होती. त्यांचे पुरावे मात्र खरे नव्हते. कॅरल टिली या संशोधिकेने त्यांची कागदपत्रं तपासून २०१२ साली दाखवून दिलं की, मुलांची बोलणी त्यांनी आपल्या सोयीने जोडली, कापली, बदलली होती.

ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ स्वीकारला. सरकारी कायदा नव्हता, बंदी नव्हती. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एक शिक्का. पण शिक्का नसेल तर वितरक गठ्ठे उचलत नसत, म्हणजे दुकानात मासिक पोचतच नसे. नियमांत काय होतं? मासिकाच्या नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द चालणार नाहीत. चालतं प्रेत, रक्तपिपासू व्हँपायर, लांडगामाणूस, नरभक्षण, सगळं बंद. थडग्यातून उठणाऱ्या सगळ्या मंडळींना अमेरिकेने पुन्हा थडग्यात घातलं आणि वर शिक्का मारला. सुलेमानने केलं तेच!

आणि शिक्क्याखाली फक्त राक्षस गाडले गेले का? ईसीने १९५३ साली ‘जजमेंट डे’ ही कथा छापली होती. पृथ्वीचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला जातो. तिथे नारिंगी आणि निळे असा भेदभाव चालतो, म्हणून तो त्या ग्रहाला नापास करतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि आपल्याला दिसतं की, तो कृष्णवर्णीय आहे. ही कथा पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा कोडचे प्रशासक, न्यायाधीश चार्ल्स मर्फी यांनी त्या कृष्णवर्णीय चेहऱ्यालाच हरकत घेतली. गेन्स हटून बसले आणि १९५६च्या सुरुवातीला कथा जशीच्या तशी छापली. ते ईसीचं शेवटचं कॉमिक बुक ठरलं. ‘मॅड’ तेवढं मासिकाच्या रूपात वाचलं. या वर्षांत शेकडो चित्रकार, लेखक, अक्षरलेखक या धंद्यातून कायमचे बाहेर पडले. तिसऱ्या प्रश्नाचं, किंमत कोणी मोजली याचं, हे इतिहासातलं उत्तर आहे.

पण साचा मेला नाही, त्याने वाट बदलली. बंदीच्या यादीत प्रेतं होती, ड्रॅगन नव्हते. १९६१ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ‘फिन फँग फूम’ आणला. चीनमधल्या एका थडग्यात शतकानुशतकं झोपलेला हा ड्रॅगन. त्याला उठवतो तैवानचा एक तरुण, तैवानवर चालून येणाऱ्या कम्युनिस्ट सैन्याला चिरडण्यासाठी. आणि काम झाल्यावर तो त्याला परत झोपवतो! १९५४-५५ आणि १९५८ ही तैवानच्या सामुद्रधुनीतल्या संकटांची वर्षं, त्यामुळे हे कुठून आलं ते सांगायला नको. इथे झाकण उघडणाराच नायक आहे. राक्षस जागा करायचा, शत्रूवर सोडायचा, मग पुन्हा कुलूप लावायचं, आणि कुलूप लागेल याबद्दल शंकाच नाही. शीतयुद्धातला केवढा तरी आत्मविश्वास या मोजक्या पानांत मावलाय.

मग १९७१. वाचक मोठे झाले होते, खप घसरत होता, आणि कोड सैल झाला. अभिजात साहित्याच्या परंपरेतले व्हँपायर आणि लांडगेमाणसं आता चालतील, असं ठरलं. मार्व्हलने १९७२ मध्ये ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ सुरू केलं. पहिल्या अंकात काय होतं बघा. कफल्लक झालेल्या फ्रँक ड्रेकला वारशात किल्ला मिळतो. त्याचा मित्र क्लिफ्टन ग्रेव्ह्ज सुचवतो की, किल्ला पर्यटकांना दाखवून पैसे कमवू. तळघरात त्याला सांगाडा सापडतो, तो छातीतली मेख उपटतो, आणि ड्रॅक्युला उठतो. पानावर पैशासाठी मेख उपटली गेली, आणि पानाबाहेर प्रकाशकांनी नेमकं तेच केलं होतं.

पुढच्या काळात प्रश्न पहारेकऱ्यांकडे वळतो. १९८४ साली ‘स्वॅम्प थिंग’च्या २९व्या अंकाला शिक्का मिळाला नाही. डीसीने तो अंक शिक्क्याविना काढला आणि आकाश कोसळलं नाही. याच मालिकेच्या १९८६च्या ५०व्या अंकात लेखक ॲलन मूर यांनी आदिम अंधाराला जागं केलं. एकामागून एक वीर त्याच्याशी लढायला जातात आणि हरतात. अंधार प्रत्येकाला विचारतो, दुष्टपणा म्हणजे काय? त्याला नीट उत्तर देतो तो फक्त स्वॅम्प थिंग, म्हणजे कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून उगवलेला प्राणी. कुजल्याशिवाय खत नाही, खताशिवाय उगवण नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. अंधार पुन्हा कोंडला जात नाही. प्रकाश आणि अंधार एकमेकांचा हात धरतात, आणि गोष्ट संपते.

१९८७ मध्ये जॉर्ज पेरेझ यांनी वंडर वुमन नव्याने मांडली. तिच्यात ॲमेझॉन स्त्रियांच्या बेटाखाली एक दार आहे, आणि दारामागे प्राचीन अरिष्टं. देवांनी या स्त्रियांना अमरत्व दिलं, पण त्या दारावर पहारा द्यायच्या अटीवर. कैदी आत आणि पहारेकरी बाहेर, पण जन्मठेप दोघांनाही.

१९९४ साली माइक मिग्नोलांचा हेलबॉय आला. अवकाशात कैद असलेले सात ओग्द्रू जहाद सुटायचे तर त्याची किल्ली काय? नायकाचाच दगडी उजवा हात. आणि जपानमध्ये १९९९ला सुरू झालेल्या ‘नारुतो’त नऊ शेपट्यांचा विध्वंसक कोल्हा एका तान्ह्या बाळाच्या शरीरात बंद केला जातो. गाव वाचतं. मग तेच गाव त्या पोराला वाळीत टाकतं.

१९४०चा बिली बॅटसन पुतळ्यांसमोरून चालत गेला होता, साठ वर्षांनी ते सगळं मुलाच्या पोटात आलं. आधी दुष्टपणा बाहेर आणि आपण सुरक्षित, मग पहारेकरीही कैदी, आणि शेवटी पेटीच एक जिवंत मूल. बाटलीतल्या जिनचा मुद्दा इथे परत येतो. कैदेत काय घडतं आणि ती कैद कोणाच्या अंगावर बांधली जाते, हे प्रश्न या गोष्टी हळूहळू विचारायला लागल्या.

शिक्क्याचं काय झालं, तेही सांगू आणि थांबू. मार्व्हलने २००१ मध्ये कोड सोडला. जानेवारी २०११ मध्ये डीसी आणि आर्ची यांनीही सोडला आणि शिक्का संपला. त्याला कोणी फोडला नाही. शेवटी त्याच्याकडे बघणारंच कोणी उरलं नव्हतं. दुकानांची साखळी बदलली होती, वाचकांचं वय बदललं होतं. पण मुलांना बिघडवणारी नवी वस्तू दर पिढीला सापडते, आणि नवा शिक्का घेऊन कोणी ना कोणी उभं असतं. त्यांची तळमळ पुष्कळदा खरी असते. म्हणून तळमळीबद्दल वाद घालण्याऐवजी आपण तेव्हा यादी मागावी. काय काय कोंडणार आहात, ते एकेक करून वाचून दाखवा, म्हणावं. राक्षसांच्या त्या यादीत एखादा अंतराळवीर सापडला, तर तो आपल्याला वेळीच दिसायला हवा.

आता तुमचे प्रश्न घेऊया.