एक मे आणि आपलीं घरें

सरकारी दिनदर्शिकेंत तांबड्या अक्षरांनीं छापलेल्या सुट्या पुष्कळ असतात. परंतु त्यांतील जी सुटी घराच्या ओटीवर येऊन बसते, तीच लोकांच्या स्मरणांत टिकते. १ मे, अर्थात् महाराष्ट्र दिन, हा आमच्या वसईकडील वाड्यांत असा ओटीवर बसलेला दिवस होता. महोत्सवाच्या या स्मरणिकेंत त्याच्या घरगुती आठवणींनाही थोडी जागा मिळावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम इतिहास थोडक्यांत सांगूं. मराठी भाषिकांचें एक राज्य व्हावें, असा ठराव १९४६ सालीं बेळगांवच्या साहित्य संमेलनांत झाला. पुढें मुंबई महाराष्ट्रास मिळत नाहीं असें दिसतांच लोक रस्त्यावर आले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारींत शहरांत पुन्हां गोळ्या चालल्या. या लढ्यांत शंभरांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं गुजरातसह मोठें द्विभाषिक मुंबई राज्य झालें. तेंही टिकलें नाहीं. अखेर १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजरात हीं दोन राज्यें झालीं, आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. फ्लोरा फाउंटनच्या परिसरास पुढें हुतात्मा चौक हें नांव मिळालें.

वसईचा मुंबईशीं संबंध पोटाचा. केळीं, भाजी, फुलें व दूध घेऊन आपलीं माणसें पहाटेच्या गाडीनें तिकडे जात. आमचे वडील सांगत कीं, त्या जानेवारींत आमचा माल वाडींतच नासला, आणि मुंबईस गेलेले काका परत येईपर्यंत आजी क्रुसापुढें माळ जपत बसली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आचार्य अत्रे यांचें ‘मराठा’ दैनिक निघालें. तें एकजण मोठ्यानें वाची व ओटीवरचे दहाजण ऐकत.

सर्वांचें मत एकच होतें, असें मात्र नव्हे. मुंबईच्या कचेऱ्यांत इंग्रजीच्या बळावर नोकरीस लागलेल्या आमच्या आप्तांस पुढील काळाची धास्ती वाटे. आजोबांचें उत्तर ठरलेलें असे : “आपण घरांत बोलतों कोणत्या भाषेंत? दुःखांत देवाला हांक मारतों ती कोणत्या भाषेंत?” त्या काळीं मिस्साबलिदान लॅटिन भाषेंत होई, पण घरची प्रार्थना मराठी होती. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचें, हें आजोबा अभिमानानें सांगत. ४ डिसेंबर १९६३ रोजीं व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेनें उपासनेंत लोकभाषेस वाट करून दिली, आणि पुढें वेदीवरही मराठी आली.

आमच्या लहानपणीं, १९७० नंतरच्या दशकांत, हा दिवस कसा साजरा होई? पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांच्या सणासाठीं नेमून दिला होता; म्हणून प्रथम मिस्सा, मग शाळेच्या पटांगणांत झेंडावंदन. शाळा सुटलेली असल्यामुळें मुलें गणवेषाविना, तेल लावलेल्या केसांनीं उभीं राहत. घरीं आल्यावर फणस फोडला जाई. त्याआधीं आजी एक मेणबत्ती लावी व त्या गोळीबारांत मेलेल्यांसाठीं प्रार्थना सांगे. त्यांचा धर्म कोणता, हें तिनें कधीं विचारलें नाहीं. प्रार्थना संपेपर्यंत गऱ्यास हात लावण्याची कोणाची छाती नसे.

आज तो दिवस डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें थोडीं उरलीं आहेत, आणि नातवंडांस १ मे म्हणजे केवळ उन्हाळ्यांतील एक सुटी वाटते. धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत आपल्या पूर्वजांचे बाप्तिस्मे, विवाह व मृत्यु लिहिलेले आहेत. त्यांनीं कशाची आशा केली व कशाचें भय बाळगलें, हें मात्र त्यांत कोठेंच नाहीं. म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे कीं, येत्या १ मे रोजीं घरांतील वडीलधाऱ्यांस १९६० सालच्या त्या दिवसाविषयीं विचारावें, आणि ते सांगतील तें त्यांच्याच बोलींत लिहून काढावें. त्यासाठीं एक कोरी वही आम्हीं धर्मग्रामाच्या कचेरींत ठेवली आहे.