मंडळाच्या संगणकासाठी सॉफ्टवेअर निवडताना

सॉफ्टवेअर ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस किंवा टॅलीसारख्या मालकी हक्काच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कंपनीकडेच राहतो. आपण पैसे भरून फक्त वापराचा परवाना घेतो. लिब्रेऑफिस किंवा लिनक्ससारख्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना खुला असतो. तो वापरता, बदलता आणि दुसऱ्याला देताही येतो. मात्र फुकट मिळणारे प्रत्येक अ‍ॅप मुक्तस्रोत नसते.

जुन्या फाइलींची अडचण

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. आमच्याकडच्या एका स्मरणिकेची फाइल अशीच अडकली. छापील प्रत जपलेली होती म्हणून मजकूर पुन्हा टाइप करता आला.

युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली. तीत देवनागरी, तेलुगू व उर्दूची लिपी या सर्वांच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक आहेत. भैंसासारख्या गावात एकाच पत्रकात मराठी आणि तेलुगू लागते, तेव्हा हीच सोय उपयोगी पडते.

कोणत्या कामाला काय?

पत्रव्यवहार, सभासद यादी, स्मरणिका: लिब्रेऑफिस पुरेसे आहे. त्याच्या ओडीएफ या फाइल-प्रकाराला 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा युनिकोड फॉन्टही खुल्या परवान्याचा आहे. वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यास मांडणी कधी कधी हलते, म्हणून छापखान्यात पीडीएफ द्यावी.

हिशेब: लेखापरीक्षक टॅलीवर काम करत असतील तर टॅली घेणे सोयीचे. परवाना मंडळाच्या नावे असावा. दर 31 मार्चला खातेवही व तेरीज यांची पीडीएफ आणि एक्सेल प्रत काढून ठेवावी.

चोरीची प्रत: 'सगळेच वापरतात' म्हणून घेऊ नये. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यातून व्हायरस येण्याचा धोका असतो.

मुक्तस्रोतालाही खर्च आहे, तो शिकण्याचा. अडले तर हक्काने फोन करायला कंपनी नसते. त्यामुळे मंडळातील दोन तरुणांनी तरी ते नीट शिकून घ्यावे. केंद्र सरकारने 2015 च्या धोरणात सरकारी कामासाठी मुक्तस्रोताला प्राधान्य दिले आहे, तेव्हा हे शिकणे त्यांना पुढेही उपयोगी पडेल.

निवड करण्यापूर्वी

कार्यकारिणीने एकच प्रश्न विचारावा: हे सॉफ्टवेअर उद्या बंद झाले, तर आपली कागदपत्रे दुसरीकडे उघडतील का? उत्तर 'नाही' असेल, तर ते फुकट मिळाले तरी महागच पडेल.

बँकेत तिजोरीच्या चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. मंडळाचे पासवर्डही अध्यक्ष व सचिव दोघांकडे असावेत, आणि पदाधिकारी बदलताना ते दप्तरासोबत नव्यांकडे सोपवावेत.