सर्व्हर आपोआप रीस्टार्ट का होतो? मंगळावरून एक उत्तर

अकोला-अमरावतीकडे सर्व्हर आपोआप रीस्टार्ट झाला, की पहिला संशय लाइटवर जातो. पण १९९७ ची गोष्ट बघा. ४ जुलैला मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक काही दिवसांतच मधूनच रीसेट होऊ लागला. त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. नासाच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर, नोंदी चालू ठेवून, तोच बिघाड पुन्हा घडवला. हवामानाच्या दुय्यम कामाने सामायिक कुलूप धरलेलं, मधल्या कामांनी त्यालाच अडवलेलं. म्हणून वरच्या अग्रक्रमाचं काम ताटकळायचं आणि सुरक्षेसाठी यंत्रणा स्वतःच रीसेट करायची. कुलूप धरणाऱ्याला तात्पुरता वरचा अग्रक्रम देणारी सोय बंद होती. ती पृथ्वीवरून चालू केली. तुम्हीही आधी लॉग वाचा: रीस्टार्ट हे लक्षण आहे, आजार नव्हे.