पावसाच्या वाऱ्यांची उपपत्ति

उष्णतेनें विरळ झालेली हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास आसपासची थंड हवा धांवून येते, हें तत्त्व आज शाळेंतील मुलांसही पाठ असतें. कोंकणच्या किनाऱ्यावरील लोक तर दुपारचे खारे वारे व रात्रीचे मतलई वारे ओळखून पिढ्यान् पिढ्या होड्या हांकीत आले. परंतु एवढ्या साध्या गोष्टीवरून साऱ्या पृथ्वीवरील वाऱ्यांची संगति लावण्यास विद्वानांस किती काळ लागला, आणि त्या कामीं आमच्या दुष्काळांचा केवढा संबंध आला, हें फारसें कोणी सांगत नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

धूमकेतूमुळें प्रसिद्ध झालेल्या हॅलेनें १६८६ सालीं उष्ण कटिबंधांतील वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. उन्हाळ्यांत आशियाखंड तापतें, त्यावरील हवा वर जाते व समुद्रावरील हवा आंत ओढली जाते, असें त्याचें म्हणणें. म्हणजे मोसमी वारे हें खाऱ्या व मतलई वाऱ्यांचेंच सहा-सहा महिन्यांचें विराट रूप! कल्पना मोठी मोहक. मात्र व्यापारी वारे पूर्वेकडूनच कां येतात, याचें त्याचें उत्तर लंगडें होतें. सूर्य पश्चिमेकडे सरकतो म्हणून हवाही त्याच्या मागें जाते, असें तो म्हणे. खरी मेख १७३५ सालीं जॉर्ज हॅडले या वकिलानें दाखविली. पृथ्वी पूर्वेकडे फिरते व विषुववृत्तावर तिचा वेग सर्वांत अधिक. तेव्हां तिकडे येणारी हवा मागें पडते आणि पूर्वेकडून आल्यासारखी भासते. विषुववृत्तापाशीं चढलेली हवा वरच्या वर दूर जाऊन थंड होते, खालीं उतरते व पुन्हा परतते, हें चक्रही त्यानेंच वर्णिलें. बिचाऱ्याकडे त्या काळीं फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १७९३ मध्यें डाल्टनला तेंच स्वतंत्रपणें सुचलें, तेव्हां त्यानें हॅडलेचा मान प्रांजळपणें त्यास दिला. हें चक्र ध्रुवांपर्यंत पोंचत नाहीं, तीस अंशांच्या सुमारासच हवा उतरूं लागते, हें पुढें कळलें. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते व कोरडी पडते. सहारा व अरबस्तान येथील वाळवंटें त्याच पट्ट्यांत आहेत.

हिंदुस्थानांत हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिला नाहीं. येथें १८७५ सालीं हवामानखातें निघालें आणि लगेच १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन व मद्रास इलाख्यांत लाखों माणसें गिळलीं. खात्याचे प्रमुख ब्लॅनफोर्ड यांनीं हॅलेच्याच तत्त्वाचा आधार घेतला: हिमालयावर बर्फ अधिक सांचलें तर जमीन कमी तापेल व पाऊस कमी पडेल. १८८६ सालापासून असे अंदाज रीतसर निघूं लागले.

पण या उपपत्तींत एक मोठी गोम होती. आमच्याकडे जमीन सर्वांत तापते ती मे महिन्यांत, भर पावसाळ्यांत नव्हे. आणि अवर्षणाच्या वर्षीं तर ती अधिकच तापलेली असते. १९२१ सालीं सिम्प्सन यांनीं ही गोष्ट स्पष्टपणें मांडली. आमच्या मतें या सर्व इतिहासांतील सर्वांत मार्मिक आक्षेप हाच. हवेस वर उचलणारें मोठें बळ वाफेचें पाणी होतांना मोकळ्या होणाऱ्या उष्णतेंत आहे, तापलेल्या मातींत तितकें नाहीं.

१९०४ सालीं खात्याचे प्रमुख झालेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनीं उपपत्ति बाजूस ठेवून जगभरच्या नोंदींचे आंकडे ताडून पाहिले. त्यांत त्यांस आढळलें कीं, प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला कीं हिंदी महासागरावर तो घटतो, आणि उलटही. या हेलकाव्याचें कारण त्यांस उमगलें नाहीं. १९६९ सालीं ब्यर्कनेस यांनीं तें सांगितलें: इंडोनेशियाजवळच्या ऊन समुद्रावर हवा चढते, पेरूकडील थंड पाण्यावर उतरते; पूर्वेचें पाणी तापलें कीं हें चक्र ढिलें पडतें. त्यास त्यांनीं वॉकर यांचेंच नांव दिलें. १८७७ सालीं हें पाणी विलक्षण तापलें होतें, असें आतां मानलें जातें. तरी १९९७ सालीं तें तसेंच तापलें असतां आमच्याकडे पाऊस नेहमीइतका पडला, आणि २००२ मध्यें त्या मानानें थोडेंच तापलें असतां जुलै महिन्यांत पाऊस फारच कमी पडला.