वणवा, साल आणि सरकारी हिशेब

बदलीनिमित्त कोलकात्यात आल्यापासून माझे बरेच शनिवार अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जातात. परवा तेथे वनखात्याचा जुना इतिहास वाचताना परतवाड्याचे आजोळ आठवले. उन्हाळ्यात रात्री गच्चीवरून चिखलदऱ्याच्या डोंगरावर वणव्याची तांबडी रेघ दिसे आणि मोठी माणसे ‘मोहवाल्यांचे काम’ म्हणून मोकळी होत.

१८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याच सुमारास मध्य प्रांतात, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात, पिअर्सन यांनी वणवा रोखण्याचा प्रयोग यशस्वी केला. जाळरेषा काढायच्या, राखणदार नेमायचे. १८७८ च्या कायद्याने राखीव वनात आग लावणे गुन्हा ठरले. खात्याच्या कामगिरीचे माप मग एकच उरले : किती क्षेत्र आगीपासून वाचले? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा आजार ओळखीचा आहे. जे मोजता येते तेच उद्दिष्ट होऊन बसते.

१८६५ च्या भूतान युद्धानंतर हाती आलेल्या बंगालच्या द्वारांत, बक्सा भागात, हे माप फसले. आपल्याकडे जसा साग, तसा तिकडे साल. त्याचे बी गळून पडल्यावर जेमतेम आठवडाभर रुजण्याजोगे राहते. त्याला मोकळी माती आणि ऊन लागते. वणवा थांबला आणि त्या दमट प्रदेशात वेली व सदाहरित झुडपे माजली. जुने साल डौलाने उभे होते, पण त्यांच्याखाली नवी पिढी नव्हती. ब्रह्मदेशातील सागाबद्दल स्लेड या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये हीच तक्रार छापली. खात्यातल्याच माणसाने असे लिहावे, याचे मला कौतुक वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बंगालने धोरण फिरवले. झाडोरा तोडून जाळायचा, राखेत सालाचे बी पेरायचे आणि ओळींमधून काही वर्षे पिके घ्यायची. या पद्धतीचे ‘टौंग्या’ हे नाव ब्रह्मी, अर्थ डोंगरशेती. म्हणजे ज्या फिरत्या शेतीबद्दल राभा व मेच लोकांना जंगलाचे शत्रू ठरवले होते, तिचीच आता सरकारला गरज पडली! त्यांना वनवस्त्यांत वसवले. कसायला जमीन मिळाली, मालकी नाही. मोबदल्यात खात्याची कामे, त्यांतली काही बिनपगारी.

अशा वनवस्त्यांना महसुली गावे करण्याची तरतूद व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.